कल्हईची सोयरीक

ज्या वस्तूंचा आपण नित्य उपयोग करितों, त्यांच्याकडे निरखून पाहण्याची आपणांस संवय नसते. पितळेचें पातेलें बाहेरून पिवळें व आंतून पांढरें कां असतें, हा प्रश्न आम्हीं एकदां वर्गांत विचारला, तेव्हां तीन-चार मुलांनींच हात वर केले. "आंतून कल्हई असते, गुरुजी," असें उत्तर मिळालें. ती कल्हई भांड्यास कशी धरून राहते, असें पुढें विचारतांच तेही हात खालीं गेले. यांत मुलांचा दोष नाहीं. मुलचेऱ्यासारख्या अरण्याच्या कुशींतील गांवींही आतां घरोघर स्टीलचीं व ॲल्युमिनियमचीं भांडीं नांदत आहेत. पितळेचा गंज माळ्यावर पडून असतो, आणि लग्नकार्य निघालें म्हणजेच खालीं उतरतो. (बाहेरगांवच्या वाचकांसाठीं सांगतों कीं, आमच्या इकडे गंज म्हणजे भांडें. ग्रंथांतील मराठींत गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबेरा. ह्या लेखांत दोहोंचेंही काम पडणार आहे.)

ह्या प्रश्नाशीं आमचें एक जुनें देणें आहे. तें आधीं सांगून टाकावें हें बरें.

बऱ्याच वर्षांपूर्वीं, पदवी घेऊन नुकतेच शिक्षक झालों असतां, दुसऱ्या एका गांवच्या वसतिगृहाच्या भोजनगृहाची व्यवस्था आमच्याकडे आली. संमेलनाच्या दिवशीं मुलांस मठ्ठा द्यावयाचा ठरला. स्वयंपाकाच्या मावशींनीं मोठा पितळी गंज आम्हांस दाखविला व म्हणाल्या, "गुरुजी, ह्याची कल्हई उडाली आहे. ह्याच्यात आंबट नोका ठेवू." कल्हईवाल्याचे पैसे वांचवावे व वेळही वांचवावा, असा दुहेरी लोभ आम्हांस झाला. "मावशी, घांसून स्वच्छ केलें कीं झालें," असें आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें. मठ्ठा रात्रभर त्या गंजांत राहिला. दुसऱ्या दिवशीं जेवण झाल्यावर घटकाभरांत पंधरा-वीस मुलांना मळमळून आलें व वांत्या सुरू झाल्या. डॉक्टर आले, औषध झालें, आणि संध्याकाळपर्यंत सर्व मुलें सावरलीं. परंतु त्यांतील एक लहानगा अंथरुणावरून आम्हांस म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर विज्ञान शिकवतां ना?" त्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मावशी मात्र कांहीं बोलल्या नाहींत. त्या निमूटपणें गंज घांशीत बसल्या होत्या.

तेव्हांपासून आम्हीं कल्हईचा अभ्यास केला, आणि तो करितां करितां पितळी पातेल्यापासून थेट आजच्या सूक्ष्म कणांच्या शास्त्रापर्यंत जाऊन पोहोंचलों. तो प्रवास आज वाचकांस घडवावा, असा विचार आहे.

प्रथम त्या मठ्ठ्याचें काय झालें तें पाहूं. पितळ म्हणजे तांबें व जस्त ह्यांचें मिश्रण. ताकांत दुग्धाम्ल असतें. चिंचेंत, लिंबांत व टोमॅटोंत दुसरीं आम्लें असतात. आम्ल आणि हवेंतील प्राणवायु हे दोघे मिळून तांब्याचे अणु भांड्यापासून सोडवितात व ते अन्नांत विरघळतात. अन्न कळकलें असें आपण म्हणतों तें हेंच. तांबें अत्यल्प प्रमाणांत शरीरास लागतेंच. पण त्याचे क्षार फार झाले कीं जठर तें सहन करीत नाहीं व ओकून टाकतें. म्हणून आपल्या पूर्वजांनीं तांब्यापितळेच्या भांड्यांस आंतून कथिलाचें अस्तर देण्याची युक्ति योजिली. कथिलावर अन्नांतील सौम्य आम्लांचा परिणाम फार मंद होतो, आणि जें थोडें विरघळतें तें तांब्याइतकें बाधक नसतें.

आतां खरा प्रश्न. हें अस्तर भांड्याला चिकटतें, कीं जडतें?

ह्या दोन शब्दांत मोठें अंतर आहे. पाकिटावर तिकीट चिकटवितों तेव्हां डिंक कागदाच्या बारीक छिद्रांत शिरून वाळतो, आणि पाणी लागलें कीं सुटतो. भिंतीवरचा चुना, दारावरचा रंग हे पुष्कळ अंशीं असेच असतात. पोपडे धरून गळून पडतात. हे सर्व भांड्याच्या घरीं आलेले पाहुणे होत. आज आहेत, उद्यां जातील. रासायनिक बंधाची गोष्ट निराळी. त्यांत एका पदार्थाचा अणु दुसऱ्याच्या अणूशीं आपल्या विद्युत्कणांची देवघेव किंवा भागीदारी करितो. ती सोयरीक होय. पाहुण्याला निरोप देतां येतो. सोयरा तसा जात नाहीं.

कल्हई ही पाहुणी कीं सोयरी, हें पुस्तकांत पाहण्याऐवजीं प्रत्यक्षच पाहावें म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं बाजारासाठीं आलेल्या एका कल्हईवाल्यास आम्हीं शाळेच्या आवारांत बोलाविलें. म्हातारा गृहस्थ मोठा आनंदी. त्यानें जमिनींत लहानसा खड्डा केला, त्यांत कोळसे पेटविले व भात्याची नळी लाविली. मुलांनीं आळीपाळीनें भाता ओढला. भांडें आधीं वाळूनें व राखेनें लख्ख घांसलें. मग तें निखाऱ्यावर फिरवून चांगलें तापविलें. त्यांत नवसागराची चिमूट टाकतांच पांढऱ्या धुराचा लोट उठला. लगेच त्यानें कथिलाची कांडी आंतल्या बाजूस टेकविली. कथील वितळून चकाकूं लागलें, आणि कापसाच्या बोळ्यानें त्यानें तें क्षणार्धांत सगळीकडे फिरविलें. जणू काय भांड्याच्या पोटांत चांदणें पसरलें. मग भांडें पाण्यांत बुडविलें, चर्र असा आवाज झाला, आणि काम संपलें. सारा खेळ कांहीं मिनिटांचा.

एका मुलानें विचारलें, "बाबा, नवसागर कशाला?" म्हातारा म्हणाला, "कथील मोठं मानी असतं, बाळा. मळक्या भांड्याकडे तें बघत पण नाही."

रसायनशास्त्र हेंच जरा निराळ्या शब्दांत सांगतें. आपणांस घांसलेलें भांडें स्वच्छ दिसतें. परंतु तापूं लागतांच त्यावर प्राणवायूचा संयोग होऊन एक अत्यंत पातळ पापुद्रा चढतो. हा पापुद्रा मध्यें असेपर्यंत कथिलाच्या अणूंची तांब्याच्या अणूंशीं गांठच पडत नाहीं. कथील थेंबाथेंबानें गोळा होऊन घरंगळतें, जसें तेलकट काचेवरून पाणी घरंगळावें. नवसागर तापला कीं त्याचे दोन वायु होतात : एक अमोनिया व दुसरा हायड्रोक्लोरिक आम्लाचा. हें आम्ल तो पापुद्रा खाऊन टाकतें व खालचा निर्मळ धातु उघडा पडतो. ते दोन वायु वर थंड हवेंत पुनः एकत्र येऊन त्यांचा नवसागर होतो, आणि पांढरा धूर म्हणून आपणांस दिसतो तो बहुतांशीं हाच.

निर्मळ तांबें समोर येतांच वितळलेलें कथील त्यावर पसरतें व दोहोंच्या सीमेवर एक नवीनच पदार्थ तयार होतो. त्यांत तांब्याच्या दर ६ अणूंमागें कथिलाचे ५ अणु ठराविक रचनेनें बसलेले असतात. आंच अधिक वेळ राहिली तर त्याच्याही खालीं, तांब्याच्या बाजूस, तांब्याचे ३ अणु व कथिलाचा १ अणु अशा प्रमाणाचा आणखी एक थर होतो. म्हणजे कल्हई तांब्यावर नुसती बसत नाहीं. ती तांब्याशीं मिळून सीमेवर तिसरें कुटुंब स्थापिते. म्हणूनच कल्हई झिजते, पण रंगासारखी पोपडे धरून निघत नाहीं. मात्र हा सीमेवरचा थर कठीण असला तरी ठिसूळ असतो. भांडें फार वेळ आंचेवर धरलें तर तो वाजवीपेक्षां जाड होतो. कल्हईवाल्याची घाई ही उतावीळ नसून विद्या आहे, हें ह्यावरून समजावें.

आमच्या एका चौकस विद्यार्थिनीनें आपली ॲल्युमिनियमची वाटी पुढें करून "हिलाही कल्हई करा," असा हट्ट धरिला. म्हातारा हंसला, पण त्यानें करून पाहिलें. कथिलाचे मणी झाले व वाटींतून टपटप पडले. कारण उघड आहे. ॲल्युमिनियमवरचा प्राणवायूचा पापुद्रा फार चिवट, आणि काढला तरी हवेच्या स्पर्शानें निमिषांत पुनः चढणारा. तेथें नवसागराची मात्रा चालत नाहीं. सोयरीक जुळावयाची तर दोन्ही पक्ष समोरासमोर आले पाहिजेत. मध्यें पडदा असून उपयोग नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. आषाढ-श्रावणांत मुलचेऱ्याच्या पत्र्यांवर पाऊस कसा कोसळतो, हें येथील मुलांस सांगावयास नको. ते पत्रे लोखंडाचे, आणि लोखंडास पाण्याचें व हवेचें भय. आमच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यांत सूरजागडच्या डोंगरांत जें लोहखनिज आहे, तें म्हणजे प्राणवायूशीं जखडलेलें लोखंडच होय. भट्टींत मोठ्या कष्टानें आपण तें सोडवितों, आणि संधि मिळतांच तांबेरा होऊन तें पुनः प्राणवायूकडे धांव घेतें. हें टाळण्यासाठीं पत्रा वितळलेल्या जस्तांत बुडवितात. जस्त सुमारें ४२० अंश सेल्सिअसवर वितळतें, आणि त्या कुंडाचें उष्णतामान ४५० अंशांच्या आसपास ठेवितात. तेथेंही सीमेवर लोखंड व जस्त ह्यांचे संयुक्त थर बनतात. शिवाय जस्ताचा एक गुण असा कीं, पत्र्यास ओरखडा पडून लोखंड उघडें झालें तरी आधीं जस्त स्वतः झिजतें व शेजारच्या लोखंडास वांचवितें. नुसत्या रंगानें हें होत नाहीं. रंगाला भोंक पडलें कीं त्याखालून तांबेरा पसरत जातो.

येथपर्यंत झाली ती अग्नीच्या साक्षीनें जुळलेली सोयरीक. आतां अशा एका सोयरिकीकडे वळूं कीं जेथें अग्नि चालतच नाहीं.

गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांनीं धातूंचे अतिशय सूक्ष्म कण करण्याची विद्या पुष्कळ पुढें नेली आहे. हे कण नॅनोमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या डोक्याचा केंस ढोबळमानानें ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. सोन्याचा ५ नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला तर त्यांत सुमारें ४ हजारच अणु मावतात. इतक्या लहानपणीं धातूचे गुणही पालटतात. सोनें पिवळें, ही आपली समजूत; पण त्याचे असे कण पाण्यांत तरंगत असले म्हणजे पाणी माणकासारखें लाल दिसतें. मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञानें १८५७ सालीं ह्या लाल पाण्याचें मर्म ओळखून तें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडिलें होतें.

लहान होण्यांत लाभ काय, हें गणितानें दाखवितों. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका मोठ्या तिकिटाएवढें. त्याचेच १ नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर सर्वांचें मिळून क्षेत्रफळ ६ हजार चौरस मीटर भरतें. म्हणजे जवळ जवळ दीड एकर धानाची बांधी. धातु तेवढाच, पण काम करणारें अंग एवढें वाढलें. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते. म्हणून चिमूटभर पदार्थ मोठें काम करूं शकतो.

परंतु हे कण पाण्यांत मोकळे सोडले तर दोन अडचणी येतात. एक, ते परस्परांस बिलगून त्यांचा गाळ होतो व लहानपणाचा सारा लाभ जातो. दुसरी, ते वाहून जातात. म्हणून त्यांना कोणत्या तरी पृष्ठभागावर, आणि पुष्कळदां धातूच्याच पत्र्यावर, एकेकटें परंतु घट्ट बसवावें लागतें. येथें कल्हईवाल्याची रीत निरुपयोगी ठरते. सोन्याची लगड १०६४ अंशांवर वितळते. पण कांहीं नॅनोमीटरांचा कण त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर वितळूं लागतो. त्याला आंच दिली तर तो पत्र्यांत विरून जाईल, किंवा शेजाऱ्यांत मिसळून मोठा गोळा होईल. मग करावें काय?

सोयरीक परस्पर जुळत नसेल तर आपल्याकडे मध्यस्थ घालतात. शास्त्रज्ञांनीं तेंच केलें. त्यांनीं निवडलेला मध्यस्थ तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे. त्याचें नांव गंधक.

आपल्या आजीबाईंचे चांदीचे वाळे व पैंजण ठेवून ठेवून काळे पडतात, हें सर्वांनीं पाहिलें असेल. तो मळ नव्हे. हवेंत गंधकाचे वायु अल्पांशानें असतात. त्यांतील गंधक चांदीशीं संयोग पावतो व काळा पदार्थ होतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकावर चांदीची अंगठी कांहीं वेळ ठेवली तर तीही काळवंडते. कारण अंड्यांत गंधक असतो. चांदी, तांबें व सोनें ह्या तिन्ही धातूंची गंधकाशीं मोठी जवळीक आहे. सोनें गंधकानें काळें पडत नाहीं हें खरें. पण त्याच्या पृष्ठभागावरचे अणु गंधकाच्या अणूस घट्ट धरून ठेवितात.

ज्यांच्या टोंकाला गंधक आहे अशीं लांबट सेंद्रिय द्रव्यें सोन्याच्या पृष्ठभागावर आपोआप ओळीनें उभीं राहतात, हें नझो व अलारा ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलें. अशा रेणूंच्या द्रावणांत स्वच्छ सोनेरी पत्रा बुडवून ठेविला कीं, रेणूंचीं गंधकाचीं डोकीं सोन्याला बिलगतात व शेपट्या बाहेर राहतात. पहिला थर मिनिटांत बसतो. पण कवाइतीसारखी नीट रांग लागण्यास पुष्कळ तास जातात. हा थर एकाच रेणूच्या जाडीचा, म्हणजे एक-दोन नॅनोमीटरांचा असतो. सोनें व गंधक ह्यांमधील बंध हा कार्बनच्या दोन अणूंमधील नेहमींच्या बंधाच्या सुमारें निम्म्या बळाचा मानितात. नुसत्या चिकटण्याच्या मानानें तो कितीतरी अधिक दृढ आहे.

आतां ह्या रेणूच्या दोन्ही टोंकांस गंधक असेल तर? मग एक हात पत्र्यास धरील व दुसरा हात मोकळा राहील. तो पत्रा सोन्याच्या कणांच्या लाल पाण्यांत बुडविला कीं मोकळा हात कणास पकडतो. झाली सोयरीक! एकीकडे पत्रा, एकीकडे कण, मध्यें रेणूचा दोर. आमच्या मुलांनीं मैदानावर हें करून दाखविलें. एक रांग भिंतीस डावा हात लावून उभी राहिली, आणि उजव्या हातानें प्रत्येकानें एकेक चेंडू धरिला. तेवढ्यांत एका खोडकरानें दोन्ही हात भिंतीलाच टेकविले. सगळे हंसले, पण खरोखर प्रयोगशाळेंतही असेंच घडतें. कांहीं रेणु वांकून दोन्ही टोंकें पत्र्यालाच चिकटवितात व कणासाठीं हात उरत नाहीं. म्हणून पुष्कळदां दोन टोंकांस दोन निराळ्या जातीचे अणुसमूह योजितात, म्हणजे एक टोंक पत्र्याकडेच जाईल व दुसरें कणाकडे.

ह्या कामीं आपला महाराष्ट्र मागें नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं झालें. तेथें डॉ. विजयमोहनन पिल्लै व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशाच एकरेणवीय थरांवर व त्यांच्यापासून होणाऱ्या सूक्ष्म परीक्षायंत्रांवर संशोधन केलें. त्याच प्रयोगशाळेंत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गवती चहाच्या पानांच्या अर्कापासून सोन्याच्या त्रिकोणी सूक्ष्म चकत्या तयार केल्या. तें संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या गवती चहाचीं पातीं आपण पावसाळ्यांत चहांत टाकतों, त्याच्याच अर्कांत सोन्याचे त्रिकोण जुळावे, हें आमच्या मुलांस परीकथेहून नवल वाटलें.

धातूच्या पत्र्याऐवजीं दुसऱ्या आधारावर कण बसविल्याचें एक उदाहरण आमच्या धानपिकाच्या मुलखास विशेष गोड वाटेल. टाटांनीं २००९ सालीं पाणी शुद्ध करण्याचें एक स्वस्त साधन बाजारांत आणिलें. त्यांत धानाच्या तुसाची राख वापरली होती, आणि त्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसविले होते. चांदी रोगजंतूंस मारक आहे. जें तूस आपण गिरणीच्या मागें ढीग करून टाकतों, त्याच्या राखेला चांदीनें आपल्या अंगाखांद्यावर घेण्याजोगें मानिलें! परंतु तेथेंही मुख्य प्रश्न कल्हईचाच होता. कण आधारास घट्ट धरून राहिले तरच उपयोग. ते सुटले तर शक्ति जाते, आणि चांदी पाण्याबरोबर पोटांत जाते. बसविणें सोपें, टिकविणें कठीण.

मग पुढें-मागें पातेल्यांना अशा सूक्ष्म कणांचीच कल्हई होईल काय, असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. निदान गंधकाच्या मध्यस्थीनें तरी नाहीं, असें आम्ही म्हणतों. ही मध्यस्थी नाजूक आहे. उकळत्या पाण्याहून फार अधिक आंच तिला सोसत नाहीं, आणि उघड्या हवेंत कांहीं आठवड्यांत प्राणवायु गंधकास फितवितो व बंध सैल पडतो. ती परीक्षायंत्रांत शोभते, चुलीवर नव्हे. चुलीवर अजून म्हाताऱ्याचेंच कथील श्रेष्ठ. प्रत्येक बंध आपापल्या ठिकाणीं बळकट असतो, हें शहाण्यानें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं पालकवर्गास चार शब्द. कल्हईचें भांडें रिकामें तापवूं नये व त्यांत कोरडें भाजूं नये. कारण कथील २३२ अंशांवरच वितळतें. तारेच्या घासणीनें तें घांसूं नये. आंतून पिवळें किंवा तांबूस दिसूं लागलें कीं त्यांत ताक, कढी, चिंचेचें सार, लोणचें ठेवूं नये. आधीं कल्हई करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, कल्हई शुद्ध कथिलाचीच असावी. शिसें कथिलाहून स्वस्त, आणि कथिलांत मिसळलें असतां मिश्रण अधिकच लौकर वितळतें. म्हणून कोठें कोठें भेसळीचा मोह होतो. शिशाची मळमळ तांब्यासारखी तत्काळ कळत नाहीं. तें मुकाट्यानें शरीरांत सांठतें व लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितें. त्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. शुद्ध कथिलाची कांडी वांकविली तर किरकिर असा बारीक आवाज येतो. शिसें निमूटपणें वांकतें व कागदावर काळपट रेघ ओढतें. परंतु ह्या खुणांनीं थोडी भेसळ ओळखतां येत नाहीं. खरी परीक्षा प्रयोगशाळेंतच होते. तेव्हां आपल्या ओळखीचा, विश्वासाचा कल्हईवाला असेल तर त्याच्याकडेच जावें, आणि दोन पैसे अधिक मागितले तरी घासाघीस करूं नये. आम्हीं एकदां ती केली नाहीं; कल्हईच केली नाहीं; आणि त्याची किंमत मुलांनीं भरली.

विद्यार्थ्यांनीं मात्र कल्हईचा प्रयोग घरीं करूं नये. नवसागराचा धूर छातीस बाधतो, आणि वितळलेला धातु कोणाची गय करीत नाहीं. अंड्याच्या बलकावर अंगठी ठेवून पाहा, तांब्याच्या तांब्यावर लिंबाची फोड घांसून पाहा, तेलकट व स्वच्छ कांचेवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. एवढ्या तीन साध्या प्रयोगांत ह्या लेखांतील पुष्कळसें शास्त्र सामावलें आहे.

त्या दिवशीं काम संपल्यावर कल्हईवाल्या बाबांनीं आपला भाता गुंडाळला. आम्हीं मजुरी पुढें केली, तेव्हां त्यांनीं भांड्यांतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे एकवार पाहिलें व म्हणाले, "गुरुजी, माझ्या पोरानं हें काम नाही घेतलं. तुमच्या पोरांनी निदान बघितलं तरी." त्या प्रतिबिंबांत आमच्या मुलांचे चेहरेही दिसत होते. ज्या हातांनीं आमच्याहून आधीं हें रसायनशास्त्र जाणलें, त्या हातांस व त्या स्वयंपाकघरांतील मावशींस आम्ही आपले गुरु मानितों. त्यांचें ऋण फेडण्याचा मार्ग एकच. जें ते जाणत होते, तें कां तसें आहे हें आपण शिकावें, आणि त्यांनीं सांगितलेलें ऐकावें.